थोरली अजून लहानच आहे

प्रश्न : मी ३३ वर्षांची असून बँकेत नोकरी करते. आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. माझी मुलगी दोन वर्षे चार महिन्यांची आहे आणि मला सातवा महिना चालू आहे. पहिल्या वेळी सिझेरियन झाले होते, या वेळीही तेच ठरले आहे आणि तारीख जुलैच्या अखेरीची आहे. यजमान हिंजवडीला नोकरीला जातात व रात्री आठनंतर घरी येतात. सासूबाई आमच्याजवळ असतात, पण त्यांच्या गुडघ्यांचे दुखणे वाढले आहे. माझी आई साताऱ्याला असते. तिचे म्हणणे असे की, मुलीला दीड महिना साताऱ्याला पाठवावे, म्हणजे मला विश्रांती मिळेल. घरात सगळे मुलीला ‘आता तू मोठी ताई झालीस’ असे सांगतात आणि ती मात्र दिवसेंदिवस लहान होत चालली आहे. सांगून शू करायची ती पुन्हा चड्डी ओली करू लागली आहे, सारखी ‘उचलून घे’ म्हणते आणि परवा तिने माझ्या पोटावर चापट मारली. मी तिच्यावर ओरडले आणि नंतर रात्रभर रडले. जूनमध्ये तिला प्लेग्रुपमध्ये घालायचेही ठरले आहे. या मुलीवर मी अन्याय करते आहे का, आणि दुसऱ्या बाळाला मी तितकेच प्रेम देऊ शकेन का, हे मला कळेनासे झाले आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र वाचताना त्यातील एका वाक्यापाशी मी थांबले. सगळे जण मुलीला मोठी झालीस म्हणून सांगतात आणि ती लहान होत चालली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मला वाटते, तुमच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे याच वाक्यात आहे. तुमची मुलगी जुलैअखेरीस थोरली होईल, मोठी होणार नाही. त्या दिवशी तिचे वय अडीच वर्षे असेल, आणि घरात तिच्याहून लहान जीव आला म्हणून तिच्या वयात एका दिवसाचीही भर पडणार नाही. आपण मात्र बोलताना ‘थोरली’ आणि ‘मोठी’ या दोन शब्दांची गल्लत करतो, आणि अडीच वर्षांच्या मुलीकडून पाच वर्षांच्या मुलीचा समजूतदारपणा मागू लागतो. तिने मग लहान होऊन दाखवणे हा हट्ट नसून तिच्यापाशी असलेले एकमेव उत्तर आहे. लहान असणाऱ्यालाच आई मिळते, असे तिने आजूबाजूच्या बोलण्यातून ताडले आहे.

म्हणून पहिली विनंती अशी की, ‘मोठी ताई’ हा शब्द घरातून काही महिने बाजूला ठेवावा. तिला तिच्या नावाने हाक मारावी, आणि बाळाविषयी सांगताना ते तिच्यासाठी खेळायला येणार आहे असे सांगू नये, कारण जन्मल्यानंतर निदान सहा महिने ते कोणाशीही खेळणार नसते आणि मुलांना अशी फसवणूक फार लागते. त्याऐवजी खरे सांगावे : बाळ येईल, ते खूप रडेल, खूप झोपेल, आईचे दूध पिईल, त्याला चालता येणार नाही आणि तू बाळ होतीस तेव्हा तूही तशीच होतीस. तिचे जुने फोटो काढून दाखवा, तिचे पहिले झबले, टोपरे आणि दुपटे तिच्या हातात द्या. अडीच वर्षांच्या मुलीला महिने कळत नाहीत. तिला ‘खूप पाऊस पडायला लागला की’ असे सांगितलेले कळते.

आता साताऱ्याचा प्रश्न. तुमच्या आईचा हेतू किती मायेचा आहे ते मी समजू शकते, तरीही मुलीला दीड महिना आजोळी पाठवू नका, असे मी स्पष्टपणे सांगते. हे सांगताना माझा अनुभवही लपवून ठेवत नाही. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात मोठ्या मुलाला, तेव्हा तो पावणेतीन वर्षांचा होता, आम्ही चाळीस दिवस नाशिकला त्याच्या आजीकडे ठेवले होते. तो तिथे आनंदात आहे, असे पत्रांतून कळत होते आणि तो खरोखरच आनंदात असावा. पण परत आला तेव्हा तो दारातच थांबला, माझ्याकडे पाहून आजीच्या पदरामागे गेला आणि पुढचे कितीतरी दिवस पाणीसुद्धा माझ्या हातून घेईना. त्याच्या दृष्टीने हिशेब सरळ होता : मला घरातून काढले आणि माझ्या जागी दुसऱ्याला आणले. त्याने हे बोलून दाखवले नाही, बोलण्याइतके शब्द त्याच्यापाशी नव्हते. हळूहळू सगळे पूर्वीसारखे झाले, पण ती चूक टाळता आली असती, असे मला आजही वाटते.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला आई दिसेनाशी होणे हेच मुळात जड जाते, आणि नेमक्या त्याच काळात भावंड येणे म्हणजे दोन ओझी एकदम. त्यामुळे तुमच्या आईंनी साताऱ्यात नातीला सांभाळण्याऐवजी पुण्यात येऊन सांभाळावे, असे त्यांना मोकळेपणाने विनवा. काम तेच राहील, जागा बदलेल. घरात दोन आज्या एकत्र आल्या की कोणाचे काय काम यावरून कुरबुर होऊ शकते, म्हणून आधीच ठरवून घ्या. सासूबाईंना गुडघ्यांमुळे मुलीमागे धावता येणार नाही, पण बसून बाळाला मांडीवर घेणे, झोपवणे, मोठीला गोष्ट सांगणे त्या उत्तम करतील. धावपळ तुमच्या आईंकडे आणि मालिश, बाळाचे कपडे यांसाठी एखादी बाई ठेवता आली तर पाहा. तुम्ही रुग्णालयात असाल त्या तीन-चार रात्री मुलीने आपल्याच घरात, आपल्याच अंथरुणावर, बाबांजवळ झोपावे.

इथे मी तुमच्या यजमानांविषयी बोलणार आहे, आणि हे पत्र त्यांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे. पुढचे दहा आठवडे या घरातले सर्वांत महत्त्वाचे काम कोणते असे मला विचाराल, तर पाळणा आणणे किंवा बाळंतविडा तयार करणे हे नव्हे. मुलीला बाबा हा आईइतकाच भरवशाचा माणूस वाटू लागणे, हे ते काम आहे. आज तिला भरवते कोण, आंघोळ घालते कोण, रात्री जाग आली तर ती कोणाला हाक मारते, याचे उत्तर बहुधा ‘आई’ असे असेल. बाळ आल्यावर यांतली निम्मी कामे एका दिवसात बाबांकडे गेली, तर तिला ती शिक्षा वाटेल. पण तीच कामे आत्तापासून एकेक करून त्यांच्याकडे गेली, तर जुलैपर्यंत ती रोजची गोष्ट झालेली असेल. हिंजवडीहून यायला रोज उशीर होतो हे खरे आहे, त्या रस्त्याची मला कल्पना आहे. म्हणून सकाळ पकडावी. सकाळची आंघोळ आणि दूध बाबांकडे, रात्रीची झोपही बाबांकडे, आणि रविवारी सकाळी दोघांनीच घराबाहेर पडायचे. तुमच्या घरापासून पु. ल. देशपांडे उद्यान जवळ आहे. तिथल्या पाण्यातले मासे पाहण्यात अडीच वर्षांच्या मुलीचा तास सहज जातो. आई नसताना मजा येऊ शकते, हे तिला आधीच ठाऊक झाले पाहिजे. पहिले काही दिवस ती झोपताना ‘आईच हवी’ म्हणून रडेल. त्या वेळी तुम्ही खोलीत जाऊ नका. ती रडते आहे ती बाबांच्या कुशीत, एकटी नाही.

स्कूटरवरून नेत असाल तर एक गोष्ट सांगून ठेवते. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांना दुचाकीवर नेताना त्यांच्या डोक्याला हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरपेक्षा कमी वेग, असा केंद्राचा नियम आहे. तो पट्टा पुण्यात फारसा दिसत नाही, तरी घ्यावा. आणि चौघांनी एका स्कूटरवर बसून जाण्याचे दिवस या घरात येऊ देऊ नका.

बाबांच्या रजेविषयी माझे मत बहुतेकांपेक्षा वेगळे आहे. खासगी कंपन्यांत वडिलांना किती रजा द्यायची याची सक्ती कायद्यात नाही, त्यामुळे जी काही आठ-दहा दिवसांची मिळेल ती सगळी बाळाच्या जन्माच्या आठवड्यात संपवू नये. त्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते. शस्त्रक्रियेच्या वेळी चार दिवस घ्यावेत आणि उरलेले आई साताऱ्याला परततील त्या दिवसापासून घ्यावेत. तान्ह्या बाळाचे रडणे साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि पुढे कमी होत जाते; नेमका तोच काळ पाहुणे परतण्याचा असतो. तुमच्या रजेपुरते बोलायचे तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे आणि त्यांतले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. तब्येतीने साथ दिली तर तारखेच्या आधी दोन आठवड्यांपेक्षा जास्त खर्च करू नका, पण ते दोन मात्र जरूर घ्या आणि त्यांतल्या दुपारी मुलीसाठी ठेवा.

‘उचलून घे’ या हट्टाची तयारी आजपासून करायला हवी, कारण सिझेरियननंतर साधारण सहा आठवडे तान्ह्या बाळापेक्षा जड काही उचलू नये असे सांगतात आणि तुमच्या मुलीचे वजन आत्ताच बारा किलोच्या आसपास असेल. जुलैअखेरीस अचानक उचलणे बंद झाले, तर त्याचे कारण तिला समोरच दिसेल, म्हणजे बाळ. म्हणून आतापासून ती ‘उचल’ म्हणाली की तुम्ही खाली बसायचे आणि तिला मांडीवर यायला सांगायचे. उंच पलंगावर किंवा सोफ्यावर तिला स्वतः चढता येईल असे बुटके स्टूल ठेवा. उचलणे गेले तरी कूस गेलेली नाही, हे तिला अंगवळणी पडेल. नाही म्हणताना ‘पोटात बाळ आहे ना’ हे कारण मात्र कधीही देऊ नका. ‘आईची कंबर दुखते’ हे कारणही खरेच आहे, तेच द्या.

चड्डी ओली होण्याकडे सध्या दुर्लक्ष करा. बदलायची, पुसायचे, पुढच्या कामाला लागायचे. हवे तर काही महिने पुन्हा लंगोट किंवा डायपर घाला; यात माघार घेतली म्हणून काही बिघडत नाही, बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की ती आपोआप रुळावर येईल. शू करताना दुखते असे ती म्हणाली किंवा ताप आला, तर मात्र ते मनाचे कारण धरून बसू नका आणि डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात पुण्यात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, त्यात दोघांचे कपडे म्हणजे घरभर दोऱ्याच दोऱ्या होतील. तेव्हा जुनी मऊ सुती धोतरे, साड्या फाडून दुपटी-लंगोटांचा साठा जूनपूर्वीच दुप्पट करून ठेवा.

पोटावर चापट मारली तेव्हा तुम्ही ओरडलात, रात्रभर रडलात. असे ओरडणे प्रत्येक आईकडून होते. पुढच्या वेळी तिचा हात हलकेच धरा, ‘मारायचे नाही, आईला लागते, राग आला आहे का?’ इतकेच म्हणा, आणि तो हात सोडू नका. राग येण्याची तिला परवानगी आहे, मारण्याची नाही, एवढा फरक तिला या वयात रोज सांगावा लागेल आणि रोज सांगूनही तो तिला लगेच कळणार नाही. याच कारणाने बाळ आल्यानंतर दोघांना एका खोलीत क्षणभरही एकटे सोडू नये, कितीही गोड वागत असली तरी. रात्री झोपताना ती आणि बाळ शेजारी नसावीत. पलंगाची किंवा खोलीची जी काही अदलाबदल करायची असेल, ती जून संपण्याच्या आत करून टाका, म्हणजे आपली जागा बाळाने घेतली असे तिला वाटणार नाही.

प्लेग्रुपबाबत दोनच पर्याय मला योग्य वाटतात. जूनच्या मध्यावर पहिल्या दिवसापासून घाला, म्हणजे बाळ येईपर्यंत तिला रुळायला सहा आठवडे मिळतील. नाहीतर सरळ दिवाळीनंतर घाला. बाळ झाल्यावर घरात दमणूक होते म्हणून ऑगस्टमध्ये घालणे हा सर्वांत वाईट मुहूर्त ठरेल. जूनमध्ये घातलेत तर सर्दी-खोकला घरी येणार, हे गृहीत धरा. त्यासाठी तिच्या लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. १६ ते २४ महिन्यांमधील बूस्टर राहून गेले असतील, तर आत्ताच द्या, आणि पावसाळ्यापूर्वी फ्लूच्या लशीविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारा. तुम्हीही गरोदरपणातील डांग्या खोकल्याच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला. ती साधारण २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घेतात, म्हणजे तुमची वेळ आत्ताच आहे आणि तिचे संरक्षण जन्मणाऱ्या बाळालाही मिळते. मोठीने बाहेरून आल्यावर हात धुवायचे आणि बाळाच्या तोंडाऐवजी पायांना हात लावायचा, हा नियम सगळ्यांसाठी ठेवला तर तिलाही त्यात वेगळेपण वाटणार नाही.

बाळाला घेऊन घरी याल तो प्रसंग जरा जपून करा. दारातून आत येताना बाळ आजीच्या हातात असावे आणि तुमचे हात मोकळे असावेत. आधी मुलीला जवळ घ्या, तिच्या शेजारी बसा, तिला हवे तेवढा वेळ द्या. बाळ तिने विचारल्यावर दाखवा. पाच-दहा मिनिटांची गोष्ट आहे, पण ती मिनिटे तिच्या मालकीची असू द्या. दूध पाजण्याच्या वेळा दिवसाला आठ-दहा तरी येतात आणि थोरल्या मुलांचे सगळे रडणे त्याच वेळी उफाळून येते, असा अनेक घरांतला अनुभव आहे. एक टोपली भरून ठेवा : तिच्या आवडीची चित्रांची पुस्तके, मोठे लाकडी मणी, खडू, थोडे चुरमुरे. ती टोपली फक्त पाजताना खाली यायची, एरवी फडताळावर. तिने ‘मलाही दूध’ म्हटले तर घाबरू नका, रागावूही नका. बहुतेक मुले एकदा तोंड लावून पाहतात आणि हसून निघून जातात. तिला काहीतरी काम द्यावे म्हणून दिवसभर ‘दुपटे आण, तेल आण’ असे मात्र करू नका. तिला करावेसे वाटले तर आणू द्या.

आणि रोज वीस मिनिटे तिची, न चुकता. तुमच्याबरोबर, दार लोटून, बाळ आजीकडे. ती जे म्हणेल ते खेळायचे. पंधरा झाली तरी चालतील, पण रोज ठरलेल्या वेळी झाली पाहिजेत, कारण आईने आठवड्यातून एकदा भरपूर वेळ दिला तरी मधले सहा दिवस आई आपली आहे की नाही, हे तिला कळत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी गोड उत्तर देणार नाही. प्रेम वाटल्याने कमी होत नाही, असे सगळे सांगतील आणि ते खोटे नाही. पण वेळ वाटल्याने कमी होतो, मांडी वाटल्याने कमी होते, आणि अडीच वर्षांच्या मुलीला प्रेम हे वेळ आणि मांडी यांतूनच कळते. तिचे काहीतरी जाणार आहे. ते गेल्यावर तिला दुःख करू द्यावे, ‘तुला आई हवी होती ना, मलाही तू हवी होतीस’ असे म्हणावे, आणि हे दुःख म्हणजे अन्याय नव्हे, हे तुम्ही स्वतःला सांगावे. दुसऱ्या बाळाविषयीचे प्रेम पहिल्याच दिवशी पहिल्याइतके भरून येईल असे नाही. पहिल्याची ओळख तुम्हाला अडीच वर्षांची असेल आणि दुसऱ्याची दोन दिवसांची. ओळख वाढू द्या. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाचच रडू येते, ते बहुधा ओसरते. पण दोन आठवड्यांनंतरही मन खिन्न राहिले, बाळ झोपले असतानाही झोप लागेना, कोणत्याच मुलाला जवळ घ्यावेसे वाटेना, तर ते यजमानांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही शासनाची मोफत सेवा चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तुम्ही आत्ताच रात्रभर रडला आहात, तर हेही डॉक्टरांना पुढच्या तपासणीत सांगाच. गरोदरपणातले औदासीन्य बाळंतपणानंतरच्या औदासीन्याइतकेच खरे असते.

बाळ दीड-दोन महिन्यांचे होईल तेव्हा गणपती येतील. तान्ह्याला आणि तुम्हाला त्या गर्दीत, ढोल-ताशांत नेऊ नका. मुलीला मात्र बाबांनी एखाद्या दिवशी भल्या सकाळी खांद्यावर घेऊन कसबा गणपतीला न्यावे, तुळशीबागेच्या गणपतीला न्यावे, येताना गरम जिलबी घ्यावी. घरी आल्यावर तिने काय पाहिले ते तुम्ही पलंगावर पडल्या पडल्या ऐकावे.

त्याआधी बारसे होईल. पाहुणे बाळासाठी काय काय आणतील, म्हणून दोन-तीन छोट्या वस्तू तिच्यासाठी आधीच आणून कपाटात ठेवा, आणि जवळच्या नातेवाइकांना फोन करून सांगा की, घरात आल्यावर आधी थोरलीशी बोला. आत्या बाळाच्या कानात नाव सांगेल तेव्हा तिलाही पाळण्यापाशी उभे राहून ‘कुर्र’ करायचे असेल तर करू द्या. ऐन वेळी तिने नको म्हटले आणि ती तुमच्या पदराला बिलगून राहिली, तर तिला तशीच राहू द्या.